घरगुती क्लीनर : फसफसतं ते साफ करतंच का?

पागोळी

खाण्याचा सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, भसाभस फेस आला की "बघा, केमिकलशिवाय किती छान!" म्हणायचं. घरगुती साफसफाईचे निम्मे व्हिडिओ एवढ्या भांडवलावर चालतात. मला या फेसाचा मनापासून राग आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांचा निकाल लावतात. मागे उरतं ते पाणी, हवेत उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक मीठ, जे ना तेलाच्या अध्यात ना क्षारांच्या मध्यात. हिशेबच मांडायचा तर ८४ ग्रॅम सोड्याला ६० ग्रॅम ॲसिटिक ॲसिड लागतं, आणि साध्या व्हिनेगरमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे मोठा चमचाभर, १५ ग्रॅम सोडा दोनशे मिलीहून जास्त व्हिनेगर निकामी करतो. हे मिश्रण बाटलीत भरून "ऑल पर्पज क्लीनर" अशी चिठ्ठी लावणाऱ्यांच्या बाटलीत बहुतेक वेळा खारट पाणीच असतं. घासलं जातं ते हातातल्या फडक्याने.

वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे आहेत. माझं म्हणणं इतकंच, की आधी घाण कोणत्या जातीची ते ओळखा आणि मग डबा उघडा.

ओशट, मेणचट घाण असेल तर अल्कली हवी. पण त्यातही तर-तम आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा मोजायची पट्टी) ८.३ च्या आसपास, म्हणजे अगदी मवाळ गडी. तो घासायला बरा, कारण त्याचे बारीक कण चरे न पाडता खरवडतात. शेगडीच्या मागचा राप त्याला जात नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतो, त्याचा पीएच ११ च्या घरात. पीएचची पट्टी दसपटीने चढते, त्यामुळे दिसायला ८ आणि ११ जवळजवळ असले तरी अल्कलीपणात शेकडोपटींचा फरक आहे. एक्झॉस्ट फॅनची प्लास्टिकची पाती काढून अर्धी बादली गरम पाण्यात, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून बुडवून बघा. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मग पातीवरचा तपकिरी थर कडेकडेने सुरकुतायला लागतो, आणि अर्ध्या तासाने बोट लावलं की साय सरकावी तसा सरकतो. खाली जुन्या प्लास्टिकचा मूळ पांढरा रंग निघतो, जो आपण विसरूनच गेलेलो असतो. हातमोजे घालाच. सोड्याला तुमच्या त्वचेचं तेल आणि पंख्याचं तेल यात फरक कळत नाही.

पाण्याचे पांढरे डाग, नळाच्या तोटीवरचा खडू, केटलच्या तळाची पापडी हे सगळे क्षार. इथे आम्ल. मी व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) ठेवते. वास नाही, पूड वर्षानुवर्षं टिकते, हवं तेवढंच पाणी करायचं. लिटरभर पाण्यात दोन चमचे पुष्कळ झालं.

पिवळेपणा, चहासारखे रंगाचे डाग यांच्यासाठी सोडियम परकार्बोनेट, ज्याला ऑक्सिजन ब्लीच म्हणतात. ते पाण्यात पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. पाणी ४० ते ६० अंश गरम हवं, गारात ते सुस्तावतं. लोकर आणि रेशीम मात्र लांब ठेवा. दोन्ही प्रथिनाचे धागे, अल्कलीने त्यांची वाट लागते.

रिठे आणि बायोएन्झाइम (फळांच्या साली आंबवून केलेलं पाणी) यांबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घासूनपुसून

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पण तुंबलेल्या मोरीत सोडा-व्हिनेगर टाकल्यावर जो फेस येतो तो निदान ढकलण्याचं काम तरी करत असेल ना? आमच्याकडे दोनदा मोकळी झाली आहे.

पागोळी

@घासूनपुसून, वरून उघड्या मोरीत गॅस वरच्या बाजूनेच निघून जातो, तुंबलेल्या बोळ्याला तो कशाला ढकलत बसेल? त्यानंतर आपण जे तांब्याभर गरम पाणी ओततो ते खरं काम करतं. बाथरूमच्या मोरीत बहुतेक गुंता केसांचा. तो सोड्याने किंवा व्हिनेगरने विरघळत नाही, आकड्याची तार किंवा दातेरी प्लास्टिकची पट्टी आत घालून ओढायचा. दृश्य किळसवाणं, पण काम दोन मिनिटांचं. सिंक असेल तर ओशट साठलेलं असतं. तिथे भांड्यांचा लिक्विड सोप सढळ हाताने ओतून वर कडकडीत नसलेलं गरम पाणी. उकळतं ओतू नका, साधे पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्याच पाण्यासाठी असतात. सांधे सैल होतात.

शंकासूर

एक बाळबोध शंका. धुण्याचा सोडा कारखान्यातच तयार होतो ना? सायट्रिक ॲसिड झाडाला लागत नाही, परकार्बोनेट तर नावावरूनच खाणाखुणा सांगतंय. मग यात नैसर्गिक ते काय आणि दुकानातल्या निळ्या बाटलीने कोणाचं घोडं मारलंय?

(हलके घ्या.)

प्रयोगवही

@शंकासूर, शंका बाळबोध नाही. सोडा मीठ आणि चुनखडीपासून कारखान्यात करतात, ती सॉल्व्हे पद्धत १८६० च्या दशकातली. सायट्रिक ॲसिडही आज लिंबं पिळून कोणी काढत नाही. ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीला साखर खायला घालून ते मिळवतात, आणि ही पद्धत शंभरेक वर्षं जुनी आहे. म्हणजे तुम्ही ज्या बुरशीला बाथरूममध्ये शिव्या घालता तिच्याच भावकीतली एक तुमची केटल साफ करून देते.

माझ्या मते फायदा नैसर्गिक असण्यात नाहीच. फायदा असा की डब्यात एकच पदार्थ आहे आणि तो काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. वास नाही, रंग नाही. दमेकरी किंवा त्वचेची ॲलर्जी असलेलं माणूस घरात असेल तर सुगंधाशिवायची साफसफाई हा मोठा दिलासा असतो. शिवाय पूड कागदी पिशवीत येते, पाणी तुमच्या नळाचं. निळ्या बाटलीत बराचसा भाग पाणीच असतं, ते उगाच गावोगाव फिरतं.

बाटलीने घोडं मारलेलं नाही. भांड्यांचा लिक्विड सोप मी घरी करायच्या भानगडीत पडत नाही, तो विकतचाच उत्तम.

अरिष्टक

रिठ्यांचा विषय निघाला आणि मी गप्प बसेन असं होणार नाही. :)

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. हा निसर्गाने केलेला फेसकारक. एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, आणि मळ उचलून पाण्यात नेतं. साबणाचं कामही असंच चालतं. पण साबणाची एक खोड आहे. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की साबण त्यांच्याशीच लग्न लावतो आणि बादलीच्या कडेला करडा साका बसतो. रिठा या फंदात पडत नाही, त्यामुळे क्षाराच्या पाण्यातही चालतो.

माझी रीत अशी. बिया काढून टाकायच्या, त्यांच्यात सॅपोनिन जवळपास नाही. मूठभर साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. सकाळी मंद आचेवर वीसेक मिनिटं. भांडं खोलगट घ्या, नाहीतर फेस ओट्यावरून खाली उतरून स्वयंपाकघर फिरून येतो. गार झालं की त्याच पाण्यात साली कुस्करायच्या. साल आधी चिवट, रबरी लागते, मग बोटांमध्ये बुळबुळीत होते आणि शेवटी नुसता पारदर्शक पापुद्रा हातात राहतो. तेव्हा समजायचं की सत्त्व उतरलं. मलमलीच्या फडक्यातून गाळायचं. वास आंबूस-गोडसर येतो, काहींना आवडत नाही.

चोथा फेकू नका, पितळी नि तांब्याची भांडी त्याने पहिल्या हाताला उजळतात. दागिने, लोकरी कपडे, रेशमी साड्या, चष्म्याच्या काचा, सगळ्याला हेच. मी कपड्यांच्या मशीनलाही वर्षानुवर्षं हेच वापरते.

निवांत

वा! फोटो टाका की.

रात्रपाळी

@अरिष्टक, पाककृती सुंदर. दोन पुरवण्या जोडते. सॅपोनिन डोळ्यात गेलं तर भयंकर चुरचुरतं, त्यामुळे मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नये. आणि मासे त्याने मरतात. रिठ्यासारख्या सॅपोनिनच्या वनस्पती वापरून डोहातले मासे धुंद करून पकडण्याची रीत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून "नैसर्गिक आहे, सरळ तळ्यात सोडलं तरी चालेल" हे खरं नाही. मत्स्यालयवाल्यांनी तर टाकीच्या काचेजवळही नेऊ नये.

प्रयोगवही

आणि टिकत नाही. त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत, परिरक्षक काहीच नाही. बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तेवढे खडे काढावेत. हे फक्त रिठ्याचं नाही. घरी केलेलं जे जे पाणीदार आहे त्याची मुदत आठवड्याची धरा. पूड मात्र कोरडी ठेवली तर टिकते. म्हणून द्रावणं साठवायची नाहीत, पुडी साठवायच्या.

मशीनबद्दल मात्र असहमत. रिठा फेस देतो, मळ उचलतो, पण उचललेला मळ पुन्हा कपड्यावर बसू नये याची सोय त्यात नाही. विकतच्या पावडरीत त्यासाठी वेगळे घटक असतात. पांढरे कपडे हळूहळू करडे, पिवळट पडतात. एकदम कळत नाही, कारण सगळेच एकत्र पडतात. नवा पांढरा रुमाल शेजारी धरून बघा.

अरिष्टक

माझ्या कपाटात पांढरं फारसं नाहीच, त्यामुळे रुमालाचं आव्हान बिनविरोध रद्द. :) रंगीत सुती कपड्यांना मला कधी फरक जाणवलेला नाही आणि हात खरखरीत होत नाहीत, हे माझ्यासाठी पुरेसं आहे.

हिरवा कोपरा

आता बायोएन्झाइम. प्रमाण सोपं : एक भाग गूळ किंवा साखर, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून भरायचं आणि तीन महिने विसरून जायचं. पहिला महिनाभर रोज झाकण किंचित सैल करून गॅस काढायचा. काचेची बाटली नकोच, फुटते. शेवटी जे मधाळ रंगाचं पाणी मिळतं ते गाळून, दहापट पाणी घालून फरशी, टाइल्स, संडास सगळीकडे चालतं. एन्झाइम घाण खाऊन टाकतात. कचराही मार्गी लागतो.

प्रयोगवही

@हिरवा कोपरा, सालींचा कचरा मार्गी लागतो हे शंभर टक्के मान्य. कृतीही बरोबर लिहिली आहे. "एन्झाइम घाण खातात" यापाशी माझी गाडी अडते.

बाटलीत होतं काय, तर यीस्ट आधी साखरेचं अल्कोहोल करतात, मग जिवाणू त्याचं आम्ल करतात, मुख्यत्वे ॲसिटिक आणि लॅक्टिक. तयार पाण्याचा पीएच ३-४ च्या आसपास येतो. म्हणजे हे सालींचा वास असलेलं सौम्य, घरगुती व्हिनेगर झालं. क्षारांचे फिकट डाग ते काढतं, वास मारतं, आणि ही कामं आम्लाची आहेत. थोडेफार एन्झाइम असतीलही, पण कोणते, किती आणि तीन महिन्यांनंतर जिवंत किती, हे बाटली बघून कोणी सांगू शकत नाही.

एन्झाइमने साफसफाई होत नाही असं मात्र नाही. ऑटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये कपडे धुण्यासाठी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या एन्झाइमचं पेटंट घेतलं होतं. आजच्या बहुतेक कपडे धुण्याच्या पावडरींत प्रोटिएझ, लायपेझ, ॲमायलेझ असतात. पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं तेल, तिसरं पिष्ट. रक्ताचा, घामाचा डाग जातो तो यांच्यामुळे. पण ते ठरावीक मात्रेत, ठरावीक पीएचला टिकतील असे निवडलेले असतात. गंमत म्हणजे "केमिकलवाली" म्हणून आपण जिला नाकं मुरडतो त्या पावडरीत बायोएन्झाइमच्या बाटलीपेक्षा भरवशाचे एन्झाइम असतात.

हिरवा कोपरा

तुम्ही आनंदावर विरजण घालायचं काम चोख करता. :D असो. व्हिनेगर तर व्हिनेगर, फुकटचं आहे आणि माझ्या सालींचं आहे. मी करणार.

प्रयोगवही

जरूर करा की. विरजण हेही जिवाणूंचंच काम आहे.

उंबरा

घरात संगमरवरी फरशी आहे. लिंबाने लख्ख होते असं वाचलं. किती लिंबं लागतील एका खोलीला?

पागोळी

@उंबरा, एकही नाही! हातातलं लिंबू खाली ठेवा.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि केटलमधली जी पापडी आपण आम्लाने विरघळवतो तीही कॅल्शियम कार्बोनेटच. आम्लाला केटल कुठली आणि फरशी कुठली कळत नाही. पहिल्यांदा स्वच्छ वाटते कारण वरचा थर विरघळून गेलेला असतो. वाळल्यावर तिथे मंद, पांढुरका डाग राहतो, त्याला पॉलिशच करावं लागतं. चुनखडीचे दगड, टाइल्समधलं सिमेंटचं ग्राउट, मोझॅक, सगळ्यांना हाच नियम. बायोएन्झाइमही नको, नुकतंच वर ठरलंय की तेही आम्लच.

कोमट पाणी, बादलीला चमचाभर सौम्य लिक्विड सोप, घट्ट पिळलेलं फडकं, आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात. बास.

आम्ल कुठे नको याची यादी निघालीच आहे तर : बिडाचे तवे-कढया, मोबाइल-लॅपटॉपचे पडदे (वरचा लेप जातो), मोत्याचे दागिने. वॉशिंग मशीनच्या रबरी गॅसकेटलाही दर धुण्याला व्हिनेगर बरं नाही. आणि धुण्याचा सोडा कुठे नको : ॲल्युमिनियम, लोकर, रेशीम, पॉलिश केलेलं लाकूड.

घासूनपुसून

शॉवरच्या भोकांतून पाणी वाकडंतिकडं उडतं. शॉवर खाली उतरवत नाही, पाना नाही घरात.

पागोळी

उतरवायची गरजच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत लिंबूसत्त्वाचं पाणी भरायचं, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी वर चढवून रबरबँडने बांधायची. तासाभराने काढून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि गरम पाणी पूर्ण जोरात सोडायचं. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा काळवंडतो. केटलला हेच पाणी गरम करून अर्धा तास ठेवायचं, पण खळखळ उकळत बसायचं नाही. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, मग पापडी जाऊन त्याच जागी दुसरा पांढरा थर बसतो.

रात्रपाळी

इतके प्रतिसाद झाले तरी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि हे हलके घेऊ नका.

घरगुती साफसफाई करणारी बरीच मंडळी संडास-बाथरूमला मात्र अधूनमधून ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) वापरतात. त्यात काही वाईट नाही. पण ब्लीच टाकलेल्या कमोडमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व, बायोएन्झाइम किंवा बाजारातलं ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर, यांतलं काहीही पडलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन, तेही तसंच. काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. ब्लीच आणि सर्जिकल स्पिरिटही एकत्र नको. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत मिसळलं तर पेरॲसिटिक ॲसिड होतं, ते त्वचेला आणि डोळ्यांना जाळतं. खोकला आला, डोळे झोंबले तर "आधी एवढं घासून घेते" करू नका. बाहेर पडा, दार-खिडक्या उघडा, आणि त्रास थांबत नसेल तर डॉक्टरकडे.

दुसरं म्हणजे स्वच्छ आणि निर्जंतुक यात फरक आहे. रोजच्या ओट्याला, फरशीला साबण-पाणी पुरतं. साबण जंतूंना उचलून वाहून नेतो, आणि करोनासारख्या तेलकट आवरणाच्या विषाणूंचं आवरणच फोडतो. पण घरात उलट्या-जुलाबाचा पेशंट असेल, कच्चं मांस कापलेला पाट असेल, तर व्हिनेगर नि लिंबावर विसंबू नका. ती जंतुनाशकं नाहीत. करोनाच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का हायपोक्लोराइट सांगितलं होतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर ते लिटरला २० मिली होतं. आधी साबणाने धुऊन घ्या, कारण घाण शिल्लक असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. आणि ते पाणी रोजच्या रोज नवीन करा.

अल्कोहोल वापरत असाल तर ७० टक्क्यांचं. शंभर टक्क्यांचं लवकर उडून जातं, जंतूंची प्रथिनं मोडायला त्याला पाण्याची साथ लागते. शेगडी पेटलेली असताना फवारू नका हे सांगायला नकोच.

निवांत

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवता येईल का?

मठ्ठ गोगलगाय

टी ट्री ऑइल जंतुनाशक असतं म्हणतात. व्हिनेगरमध्ये दहा-बारा थेंब टाकून फरशी पुसते, वास छान येतो. घरात दोन मांजरी आहेत त्यांनाही आवडत असावा, लोळतात.

रात्रपाळी

@मठ्ठ गोगलगाय, आजपासून बंद करा. टी ट्री ऑइल मांजरांना विषारी आहे. अशी तेलं पचवून बाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरांत तोकडी असते. त्या पंजे चाटतात, त्यामुळे फरशीवरचं सगळं पोटात जातं. लाळ गळणं, लडखडणं, थरथर असं काही दिसलं तर वाट न बघता पशुवैद्य. तोवर फरशी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या.

मठ्ठ गोगलगाय

बापरे. बाटली उचलून ठेवली. दोघी ठणठणीत आहेत, आत्ताच एकीने कीबोर्डवर बसून हा प्रतिसाद लांबवायचा प्रयत्न केला.

प्रयोगवही

तेलांचा विषय निघालाच आहे तर संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनबद्दल. चिकट लेबलं काढायला याच्याइतकं झकास काही नाही. ताजी साल बरणीवरच्या गोंदावर दुमडून दाबा, तेलाचे तुषार उडतात, दोन मिनिटांत गोंद गोळा होऊन येतो. थर्माकोलवर मात्र करू नका, तो विरघळतो. आणि सालीचं तेल उघडं, जुनं झालं की हवेने त्याचे असे पदार्थ होतात ज्यांनी कित्येकांना त्वचेची ॲलर्जी होते. त्यामुळे "शुद्ध नैसर्गिक संत्रं" असलं तरी पुरळवाल्यांनी जपून.

तिसरा मजला

घरी कपड्यांची पावडर करायची एक कृती सगळीकडे फिरते आहे. किसलेला साबण, धुण्याचा सोडा, बोरॅक्स, आणि शेवटच्या पाण्यात व्हिनेगर. कोणी केली आहे का?

प्रयोगवही

केली नाही, करणारही नाही. :) साबण म्हणजे चरबीच्या आम्लाचं मीठ. क्षाराच्या पाण्यात त्याचा साका होतो ते अरिष्टक यांनी वर लिहिलं आहेच. तो साका धाग्यांत बसतो. टॉवेल नीट पाणी टिपत नाही. त्यावर व्हिनेगर घातलं की उरलासुरला साबण चक्क फाटतो, म्हणजे त्याचं पुन्हा चरबीचं आम्ल होऊन पांढऱ्या गुठळ्या होतात. साबण आणि आम्ल एका पाण्यात कधीच नको, मग ते कपडे असोत की फरशी.

बोरॅक्स खनिज आहे, म्हणून नैसर्गिकच. तरी युरोपीय संघाने त्याची नोंद प्रजननक्षमतेला हानिकारक पदार्थांत केली आहे. मुलं रांगतात त्या घरात मी आणणार नाही.

बिनवासाची एन्झाइमवाली साधी पावडर घ्या, पाणी जड असेल तर जोडीला चमचाभर धुण्याचा सोडा. आणि ऊन. पिवळे डाग राहिलेला सुती पांढरा कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाकून बघा, अतिनील किरण फुकटात काम करतात.

अरिष्टक

इथे मात्र अनुमोदन. (रिठ्याबद्दलचं मत राखून.)

शंकासूर

चांदीची भांडी काळी पडली आहेत. ॲल्युमिनियम फॉइलची जादू खरी का खोटी? फेसवाल्या भोंदूगिरीतच मोडते का तीही?

पागोळी

ही खरी. काळं असतं ते सिल्व्हर सल्फाइड. पसरट भांड्यात फॉइल चकचकीत बाजू वर करून घाला, वर चांदी ठेवा, ती फॉइलला टेकली पाहिजे. त्यावर लिटरभर कडकडीत गरम पाणी आणि मोठा चमचाभर खाण्याचा सोडा. सल्फर चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी आहे तिथेच राहते. पॉलिशने घासताना मात्र दर खेपेला थोडी चांदी फडक्यावर जाते. कुजक्या अंड्यासारखा किंचित वास येईल, घाबरू नका, खिडकी उघडा. नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेले दागिने आणि खडे-मोती जडवलेले यात टाकू नका.

फॉइलची चकचकीत बाजू वर नसली तरी काही बिघडत नाही म्हणा. सवयीने लिहिलं.

तिसरा मजला

शेवटचा प्रश्न. पागोळी यांनी लिहिलेलं परकार्बोनेट काल आणलं. रोज कोण विरघळवत बसणार, म्हणून स्प्रेच्या बाटलीत गरम पाण्यात करून ठेवलं तर किती दिवस चालेल?

पागोळी

अजिबात ठेवू नका. विरघळल्यापासून त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो. काही तासांत त्याची ताकद जाते, आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुगून फुटते. आत्ता भरलेली असेल तर प्रतिसाद वाचून झाल्यावर आधी तोंड दुसरीकडे करून झाकण सैल करा. ते पाणी वाया घालवू नका, ग्राउटच्या काळ्या रेषांवर ओतून वीस मिनिटांनी ब्रश फिरवा. ते अल्कली आहे, त्यामुळे ग्राउटला चालतं. हातमोजे घालून.

तिसरा मजला

झाकण काढलं, फुस्स झालं. ग्राउटवर ओतते.